वेळेआधी आणलेला बर्फ

आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाची दारं बाहेरून चारचौघांच्या घरात असतात तशीच होती, हिरव्या ऑइलपेंटची आणि कडेला हळदीच्या बोटांचे डाग पडलेली. आतून मात्र ती आईची होती. तूरडाळीचा डबा काढायला दार उघडलं की समोर अलास्काचा दक्षिण किनारा दिसायचा, मिसळणाच्या डब्यापाशी नॉर्वे होता आणि पापडांच्या मागे न्यूझीलंड. उल्हासनगरच्या बाजारात एक रद्दीवाला परदेशी मासिकं किलोवर विकायचा. आई त्याच्याकडून ती उचलून आणी, त्यातली हिमनद्यांची चित्रं कात्रीने अलगद काढी आणि मैद्याच्या खळीने दारांना आतून चिकटवी. खळीच्या वासाने झुरळं येत. आइसलँडचा एक कोपरा तर त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत फस्त केला. शेजारच्या काकू म्हणत, अगं, लक्ष्मीचं चित्र लावावं, हे कसलं पांढरं पांढरं लावलंयस? आई हसून म्हणे की उन्हाळ्यात डोळ्यांना गार वाटतं. याहून जास्त कुणी विचारत नसे आणि तीही आपण होऊन सांगत नसे.

मला मात्र ती सांगायची, कारण तांदूळ निवडायला मी तिच्यासमोर बसलेली असे आणि माझी सुटका नसे. ती नाशिकच्या कॉलेजात भूगोल घेऊन बी.ए. झालेली, लग्नानंतर बी.एड. केलेलं. महाबळेश्वरच्या पलीकडे थंडी म्हणून तिने कधी पाहिली नव्हती. तरी हिमनदीबद्दल बोलायला लागली की माहेरच्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलायची. सगळ्या हिमनद्या एका जातीच्या नसतात, हे तिचं पालुपद. काही हाडापर्यंत गोठलेल्या असतात, इतक्या की खालच्या खडकाला घट्ट चिकटून बसतात. दक्षिण ध्रुवाकडच्या कोरड्या दऱ्यांत, ग्रीनलंडच्या उत्तर टोकाला. दुसऱ्या प्रकारच्या वरपासून तळापर्यंत ऐन वितळण्याच्या बेतात असतात. त्यांच्या अंगात पाणी खेळत असतं, तळाशी पाण्याचा पातळ थर असतो आणि त्यावरून त्या घसरत चालतात. पुस्तकात यांना समशीतोष्ण हिमनद्या म्हणतात. हे नाव ऐकून कुणाला वाटेल की समशीतोष्ण कटिबंधात असतात म्हणून हे नाव. पण बघायचं असतं ते बर्फाचं स्वतःचं तापमान. आईने शाळेतल्या मुलांसाठी सोपी नावं केली होती, ओली हिमनदी आणि कोरडी हिमनदी. मला तेव्हा दोन्हींशी काही देणंघेणं नव्हतं. तांदूळ लवकर संपावेत एवढीच माझी इच्छा असे.

आम्ही अंबरनाथला पूर्वेला एका दुमजली इमारतीत तळमजल्यावर राहत होतो. मागे पिठाची गिरणी होती, तिचा पट्टा दिवसभर फटफटत असे, आणि कारखान्याचा भोंगा झाला की गिरणीवाला मान वर करून बघायचा, जणू भोंगा आकाशात दिसणार आहे. वारा कारखान्यांकडून सुटला की कुजक्या लसणासारखा वास घरात यायचा आणि आई मुकाट्याने खिडक्या लावून आमटीला हिंगाची जादा चिमूट घालायची. उन्हाळ्यात आमच्याकडे कैरीचं पन्हं, डाळीत कैरी, भाकरीबरोबर कैरीचा तक्कू, असा कैरीचा नुसता धुमाकूळ असायचा. आता मी बदलापुरात मांजर्लीला राहते, तिसऱ्या मजल्यावर, कारण खालचे मजले उल्हास नदी अधूनमधून पाहून जाते. इथे भोंगा नाही, वास नाही आणि कैरी नातवाला आंबट लागते. काय बोलणार.

बाबा रसायनांच्या एका कारखान्यात ऑफिसर होते. त्यांच्याबद्दल दोन गोष्टी सांगितल्या की माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो. एक म्हणजे ते कुठेही वेळेआधी पोहोचत. लग्नाला आम्ही जायचो तेव्हा मांडववाले अजून खुर्च्या उतरवत असत आणि वधूपक्षाला वाटे आम्ही वरपक्षाचे, वरपक्षाला वाटे आम्ही आचारी. दुसरी म्हणजे ते सगळं धूत. कारखान्यात काय काय हाताळावं लागतं हे त्यांना माहीत होतं, त्यामुळे घरी आले की कोपरापर्यंत हात, मग चष्मा, मग स्कूटरची मूठसुद्धा. भाजी आणली की पिशवीसकट बादलीत. आणि पाहुणे येणार असले की बर्फ. त्या काळी आमच्या बाजूला फ्रीज मोजक्यांकडे, त्यामुळे बर्फ यायचा उल्हासनगरहून, लाकडाच्या भुशात घोळलेला आणि गोणपाटात गुंडाळलेला. तो न्हाणीघरातल्या नळाखाली धरून, भुशाचा कण न कण निघेपर्यंत चोळून धुणं हे बाबांचं काम होतं. आमच्याकडच्या प्रत्येक घरात ते कुणाचं ना कुणाचं काम असायचंच. न धुतलेला बर्फ पन्ह्यात घातला तर पाहुण्याच्या दातात भुसा येणार, आणि ती बातमी कल्याणपर्यंत जाणार.

मी नववीत होते ते वर्ष आमच्या घराला जड गेलं. आई उल्हासनगरला कॅम्प चारमधल्या एका मराठी शाळेत शिकवायची आणि मीही त्याच शाळेत होते. पण आईची जागा रजेवरची होती. कुणी बाळंतपणाला गेलं की आई त्या वर्गावर, कुणी परत आलं की आई घरी. अशी कितीतरी वर्षं काढल्यावर भूगोलाची एक कायमची जागा निघाली. उमेदवारांनी निवड समितीपुढे एक पाठ घ्यायचा आणि त्यावरून ठरणार. त्याच सुमारास बाबांच्या कारखान्याने गुजरातेत नवा प्लांट काढला आणि बाबांना तिथे मॅनेजर म्हणून जाणार का, असं विचारलं. मेअखेर उत्तर द्यायचं होतं. बाबांना जायचं होतं. ते बोलून दाखवत नसत, पण रविवारच्या पेपरातला गुजरातचा नकाशा त्यांनी कापून खिशात ठेवला होता, आणि आमच्या घरात कात्रणं कापायचा मान एरवी आईचा. आई एकदाच स्पष्ट बोलली, की मी पर्मनंट झाले तर इथून हलणार नाही. बाबा म्हणाले, बघू. त्या 'बघू'नंतर घरात कुणी हा विषय काढला नाही, पण आमटीपासून अंथरुणापर्यंत तो सगळीकडे होता. आईची जागा झाली तर बाबांची बढती जाणार, किंवा आमचं घर दोन ठिकाणी विभागणार. नाही झाली तर आम्ही सगळे सामान बांधून गुजरातेत. माझ्या मैत्रिणी, माझी शाळा, सगळं त्या एका पाठावर टांगलेलं होतं आणि मला तर कुणी काही विचारलंही नव्हतं.

आईने पाठासाठी हिमनदी घेतली यात नवल नाही. नवल तिच्या साधनाचं. पाठाला काहीतरी शैक्षणिक साधन लागतं आणि बाकीचे उमेदवार तक्ता नाहीतर पृथ्वीचा गोल आणणार हे ठरलेलं. आईने ठरवलं, दोन्ही जातींच्या हिमनद्या वर्गात आणून दाखवायच्या. कल्पना तिला सुचली बर्फाच्या कारखान्यात. कॅम्प चारमध्येच, शाळेपासून जवळ, परसराम नावाच्या सिंधी सेठचा कारखाना होता. पहिल्यांदा आम्ही तिथे गेलो तेव्हा आई इतका गंभीर चेहरा करून गेली की सेठ गादीवरून उठूनच उभा राहिला. उन्हाळ्यात बर्फाची लादी दोनच कारणांसाठी मागायला येतात, लग्नासाठी किंवा मयतासाठी, आणि लग्नाची माणसं अशा चेहऱ्याने येत नाहीत.

"टीचर," तो हळू आवाजात म्हणाला, "घर में कौन गया?"

कोई नहीं, स्कूल के लिए चाहिए, असं आईने सांगितलं.

"साईं, स्कूल में कौन गया?"

गैरसमज दूर झाल्यावर सेठने आम्हाला आत नेलं आणि वर गोड सरबत पाजलं. आत मिठाच्या पाण्याच्या मोठ्या टाक्या होत्या, त्यात पत्र्याचे उंच डबे बुडवलेले. मीठ घातलेलं पाणी शून्याच्या खाली जाऊनही गोठत नाही, त्यामुळे डब्यातला बर्फ शून्याच्याही बराच खाली जातो. माणसांनी एक डबा वर काढून लादी मोकळी केली आणि ओल्या गोणपाटावर टाकली. थोड्या वेळाने उचलायला गेले तर गोणपाट तिला असं चिकटून बसलेलं की फाडूनच काढावं लागलं. आईने बोट लावलं, बोटही चिकटलं. बाजूला सकाळपासून पडलेली दुसरी लादी होती, भुशात, घामेजलेली. तिला पायाने ढकललं तरी ती फरशीवरून सरकत जात होती. आई त्या दोन लाद्यांकडे बघत उभी राहिली. तिचा चेहरा मला आजही आठवतो, एखाद्या बाईला जत्रेत बहीण भेटावी तसा. दोन्ही बर्फच. एक आपल्या थंडपणाने जागेला धरून बसलेली, दुसरी आपल्याच पाण्यावरून निघालेली. बाई गं, ती म्हणाली, मग हे मुलांना दाखवायला अलास्काला कशाला जायला हवं?

तिने सेठच्या परवानगीने तिथेच एक फळी तिरपी लावून करून बघितलं. टाकीतून काढलेला तुकडा ओल्या फळीवर ठेवला, जरा थांबली, फळी उचलली. तुकडा जागचा हलला नाही. सकाळचा तुकडा ठेवला, फळी नुसती कलली आणि तो सुटला. बेत असा ठरला की ओला बर्फ सकाळीच शाळेत नेऊन ठेवायचा आणि कोरडा पाठ सुरू होता होता थेट टाकीतून आणायचा, त्याला गरम व्हायला वेळच द्यायचा नाही. शाळेचा शिपाई तो आणणार होता. पण आदल्या दिवशी तो भाचीच्या हळदीला म्हणून गावी गेला. पाठ होता शुक्रवारी, आणि बाबांच्या कारखान्याला सुट्टी शुक्रवारची असे; बर्फाचा कारखाना मात्र उन्हाळ्यात रोज चालू. आईने जेवताना बाबांना विचारलं, उद्या तेवढं बर्फाचं कराल का? बाबा म्हणाले, त्यात काय, करतो. तिने वेळ सांगितली आणि म्हणाली, थेट आणा. का आणि कशासाठी ते तिने सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. तो पाठ गुजरातच्या आड येणारा पाठ होता. त्याच्याबद्दल दोघांनी एवढं बोलणं हेच खूप झालं होतं. वाद न करणाऱ्या घरांचं हे असंच असतं. भांडण टळतं आणि त्याच्याबरोबर कामाच्या गोष्टीही बोलायच्या राहून जातात.

शुक्रवारी नववीचा आमचा वर्ग पाठासाठी बसवला होता. मी तिसऱ्या बाकावर. मागच्या भिंतीला चार खुर्च्या मांडल्या होत्या, त्यावर संस्थेचे अध्यक्ष, आमच्या मुख्याध्यापिका आणि बाहेरून आलेले दोन तज्ज्ञ. आईने नेसायला फिकट निळं पातळ घेतलं होतं. सुरुवात तर इतकी छान झाली की मला ही माझीच आई यावर विश्वास बसेना. तिने विचारलं, बर्फाचा डोंगर डोंगरावरून खाली कसा येतो? मुलांनी नाना उत्तरं दिली, कुणी म्हणालं ढकलला जातो, कुणी म्हणालं वितळतो. तोवर दाराशी बाबा आले. पांढरा शर्ट, हातात गोणपाटाची पुरचुंडी, आणि कामगिरी फत्ते केल्याचा चेहरा. आईने पुरचुंडी घेतली, ते व्हरांड्यात खिडकीपाशी उभे राहिले.

आईने आधी ओला बर्फ दाखवला. फळी कलली, तुकडा सुर्र करून खाली आला, मुलं खूश. ही ओली हिमनदी, ती म्हणाली. आता कोरडी बघा, ही जागची हलत नाही. तिने पुरचुंडी सोडली. बर्फ आरशासारखा स्वच्छ होता. एक कण भुसा नाही. गोणपाटातून पाणी टपकत होतं. मला वाटतं तिला तेव्हाच कळलं असावं, पण फळीवर ठेवण्यावाचून इलाज नव्हता. ती थांबायचं तेवढं थांबली, मग फळी उचलली. कोरडी हिमनदी पहिल्या हिमनदीपेक्षा जोरात सुटली, फळी सोडून जमिनीवर आली आणि घसरत घसरत थेट अध्यक्षांच्या बुटांपर्यंत गेली. अध्यक्षांनी दोन्ही पाय वर घेतले. वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गातले गुरुजी डोकावून गेले. मी खाली बघत बसले. माझ्या कानांतून वाफा निघत होत्या.

आईने खिडकीकडे पाहिलं. बाबा रुमालाने हात पुसत होते आणि अजूनही हसत होते, त्यांना वाटलं मुलांना मजा वाटावी म्हणूनच ते होतं. मग ती वर्गाकडे वळली.  म्हणाली, मुलांनो, मी दोन आणणार होते, वाटेत एकीने पक्ष बदलला. सांगा बघू, कोरडी हिमनदी ओली कशाने झाली असेल? एक मुलगा म्हणाला ऊन लागलं, एक म्हणाली पाणी लागलं. दोघंही बरोबर, आई म्हणाली. आणि मग तिने तो पाठ उलटा फिरवला. जिथे ढीगभर बर्फ पडतो आणि उन्हाळ्यात वरचं पाणी आत झिरपतं तिथे हिमनदी ओली राहते, म्हणून समुद्राचा ओला वारा लागणारे डोंगर शोधा. मुलं वर्गातल्या पृथ्वीच्या गोलाभोवती गोळा झाली. नॉर्वेचा किनारा सापडला, आइसलँड सापडलं, अलास्काचा दक्षिण भाग, खाली दक्षिण अमेरिकेचं टोक. युरोपातले आल्प्स एका मुलीने सांगितले. न्यूझीलंडला तर या हिमनद्या जवळजवळ जंगलापर्यंत खाली उतरतात, नेच्याच्या झाडांशेजारी, हे ऐकून मागचे तज्ज्ञसुद्धा पुढे वाकले. आणि आपल्याकडे? पूर्व हिमालयात, जिथे पावसाळी ढग जाऊन आदळतात तिथे. घंटा झाली तेव्हा दोन्ही हिमनद्यांचं पाणी होऊन फरशीवर एकच ओघळ झाला होता आणि आमच्या वर्गाला कोकम सरबत मिळालं, त्यात अर्थातच दुसरा बर्फ.

परत येताना आम्ही तिघं स्कूटरवर होतो, मी मध्ये. बाबा वाऱ्याशी मोठ्याने बोलत होते. पाठ झकास झाला, मुलं काय रंगली होती. म्हणाले, उगाच उशीर नको म्हणून मी बर्फाचा कारखाना उघडल्या उघडल्याच गेलो, तर अजून वेळ होता. मग शाळेच्या नळाखाली चांगला धुऊन घेतला, म्हटलं समितीसमोर भुसा दिसायला नको, आणि सावलीत बसून राहिलो.  घरी आल्यावर तिने पातळ बदललं, कुकर लावला, आणि ओट्याकडे तोंड करून उभी असतानाच तिने विचारलं.

"तुम्ही मुद्दाम केलंत?"

बाबांना आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा त्यांचा चेहरा एकदम रिकामा झाला. ते "काय?" एवढंच म्हणाले. आईने पुन्हा विचारलं नाही आणि त्यांनी उत्तर दिलं नाही. त्या दिवसापासून दोघं माझ्यामार्फत बोलायला लागली. बाबांना सांग, जेवायला वाढलंय. आईला सांग, मी उशिरा येईन. दोघं एकाच खोलीत बसलेली, मी मध्ये टपाल वाहणार. आज हे सांगताना मला हसू येतं, तेव्हा रडू येई. आईच्या बाजूने मला बाबांचा राग येई आणि बाबा एकटे व्हरांड्यात स्कूटर पुसत बसलेले दिसले की आईचा. बाबांनी मुद्दाम केलं नव्हतं याची मला खात्री होती. भुसा लागलेली वस्तू समोर असताना न धुता ठेवणं हे त्यांच्या हातून होणारच नव्हतं. पण माझी खात्री विचारतं कोण? आणि खरं सांगायचं तर आईलाही ती खात्री असावी. तिला लागलं होतं ते निराळंच. इतकी वर्षं ही चित्रं कपाटात आहेत, हा माणूस रोज त्यातून साखर काढतो, आणि तरी बर्फ धुतो.

ती जागा आईला मिळाली नाही, हे इथेच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. निकाल जूनमध्ये लागला. विषयाचं ज्ञान उत्तम, साधनावर ताबा नाही, असं समितीचं मत पडल्याचं मुख्याध्यापिकांनी तिला खाजगीत सांगितलं. पुढे दोन-तीन वर्षांनी दुसऱ्या एका शाळेत ती कायम झाली, तिथे तिने तक्ता लावला आणि पुस्तकातलं म्हणून दाखवलं. पण मला लिहायचं आहे ते निकालाच्या आधीचं, मे महिन्यातल्या एका शुक्रवारचं.

त्या दुपारी आमरस होता. रसाच्या दिवशी आमच्याकडे एरवी कुणी बोलतच नाही, त्यामुळे अबोला तेवढा जाणवत नव्हता. बाबांनी दुसरी वाटी संपवली आणि ताटाकडे बघत मला म्हणाले, आईला सांग, काल मी साहेबांना नाही म्हणून सांगून आलो. गुजरातचं.

मी आईकडे वळले. तिचा हात रसातच थांबला होता.

"मला सांगा," ती बाबांना म्हणाली. "मी इथेच बसलेय."

मग त्यांनी तिच्याकडे बघून सांगितलं. ती म्हणाली, अहो पण माझा निकाल कुठे लागलाय अजून? नाही झालं माझं, तर हेही गेलं आणि तेही.

"म्हणूनच आत्ता सांगितलं," बाबा म्हणाले. "तुझा निकाल लागल्यावर सांगितलं असतं तर काही उपयोग नव्हता. तुझं झालं असतं तर म्हणाली असतीस, हे नाइलाजाने राहिले. नसतं झालं तर म्हणाली असतीस, ह्यांनीच पाडलं. तू विचारलंस ना, मुद्दाम केलं का? त्याचं मला दुसरं काही उत्तर देता येईना."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मी विचारायला नको होतं, असं ती म्हणाली. बाबा म्हणाले, तू विचारलंस त्याचं मला वाईट वाटलं, खूप वाटलं. पण मी रोज कारखान्यात जाताना त्याचाच विचार करत होतो, आणि माझ्या लक्षात आलं की तो बर्फ कशाला हवा होता, हेच मला माहीत नाही.

"सांग ना," ते म्हणाले. "का धुवायचा नव्हता?"

आई म्हणाली, आत्ता? ताटावर? बाबा म्हणाले, हो. आणि तिने सांगायला सुरुवात केली. आधी चाचरत, शाळेतल्यासारखं, मग तांदूळ निवडताना मला सांगायची तसं. मला वाटलं होतं बाबा मान हलवत बसतील. पण ते रसायनांचे माणूस. तिने वरचं पाणी बर्फात झिरपून पुन्हा गोठतं असं म्हटल्याबरोबर ते मध्येच बोलले, म्हणजे गोठताना उष्णता बाहेर पडणार आणि आजूबाजूचा बर्फ शून्याला येऊन पोहोचणार. आई त्यांच्याकडे बघतच राहिली. तेच तर, ती म्हणाली. मग बाबा म्हणाले, आणि वरच्या ओझ्याने तळाचा द्रवणांक किंचित खाली येत असेल. येतो, आई म्हणाली. मग त्यांनी विचारलं की अलास्कात इतकी थंडी असताना हे कसं, आणि तिने समुद्राचं सांगितलं. नॉर्वेचं विचारलं, चिलीचं विचारलं, आइसलँडला खालून ज्वालामुखी असतात तर तिथलं काय, हेही विचारलं. मला तर त्यातलं निम्मं कळत नव्हतं. पण माझी आई कुणीतरी विचारतंय म्हणून उत्तर देतेय आणि तिचे हात हवेत डोंगर काढताहेत, हे मी पहिल्यांदा बघत होते. ताटांतला रस वाळून कडक झाला, गिरणीचा पट्टा थांबून पुन्हा सुरू झाला, तरी कुणी उठलं नाही.

शेवटी बाबांनी ताट बाजूला सारलं. मग एखाद्या शिकाऊ माणसाने विचारावं तसं त्यांनी विचारलं, मग त्या दिवशी मी तो नेमका केव्हा आणायला हवा होता?

"ऐन वेळेला," आई म्हणाली. "एक मिनिटही आधी नाही." आणि ती हसायला लागली, कितीतरी दिवसांनी. "तुम्हाला ते जमलंच नसतं हो."

बाबा आधी रागावल्यासारखे झाले, मग तेही हसू लागले, आणि मग मला त्या दोघांकडे बघवेना इतका आनंद झाला. बाबांची बढती गेली होती. आईची जागा जायची होती, ते आम्हाला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी त्या दुपारी आमच्यापैकी कुणीही तिथून उठलं नसतं.